लातूर सर्किट: टॉवर बंद, विमानं चार

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की चौघांनी एकाच धावपट्टीवर एकाच वेळी सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायची चौकोनी फेरी) मारायचं. ते आता जमायला लागलंय. सिममध्ये (संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये) लातूरच घेतलं, टॉवर (विमानांना सूचना देणारं नियंत्रण केंद्र) बंद ठेवला. धाराशिवचे दोघं, उदगीरचा एक आणि मी, प्रत्येकाने आपण कुठे आहोत ते डिस्कॉर्डवर (इंटरनेटवरून एकत्र बोलायचं ॲप) स्वतः सांगायचं. पद्धत अमेरिकन धरली: डावं सर्किट (सगळी वळणं डावीकडे), धावपट्टीपेक्षा हजार फूट वर, डाउनविंडच्या (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणारी बाजू) मध्यावर 45 अंशांत शिरायचं. खऱ्या लातूरच्या नियमांशी हे ताडून पाहू नका, हा आमचा सराव आहे.

मोठा बदल म्हणजे सिम पडद्यावर इतर विमानांवर दाखवतो ती नावाची लेबलं काढून टाकली. लेबल असताना सगळे शहाणे असतात! समोरासमोर शंभर-शंभर नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) येणारी दोन विमानं सेकंदाला साधारण शंभर मीटर जवळ येतात. दिसलेलं विमान ओळखून, ठरवून, वळेपर्यंत साडेबारा सेकंद धरतात. म्हणजे समोरचं सव्वा किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं, आणि तेवढ्या अंतरावर सेसना 172 चे अकरा मीटरचे पंख हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या निम्म्याएवढेच दिसतात. त्यातून जे विमान खरंच आपल्यावर येतंय ते काचेवर सरकत नाही. ठिपका एका जागी राहून नुसता मोठा होतो, आणि डोळा हलणाऱ्या वस्तूच आधी टिपतो. म्हणून आता आकाश तुकड्या-तुकड्याने बघतो, प्रत्येक तुकड्यावर क्षणभर थांबून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बेसवरून (डाउनविंडनंतरची, धावपट्टीच्या रेषेकडे जाणारी आडवी बाजू) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतली शेवटची बाजू) वळण्यावर. डाव्या बेसवर नजर आपसूक डावीकडे, धावपट्टीकडे जाते. पण लांबून सरळ फायनलवर येणारा उजवीकडून येतो. डावीकडे कलल्यावर उजवा दरवाजा वर उचलला जातो आणि त्या बाजूचं आपल्या उंचीवरचं काही दिसत नाही. तेव्हा वळण्याआधी, पंख सपाट असतानाच उजवीकडे पाहायचं. ही एक सवय लागली तरी बरंच काम झालं.

2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला, टॉवर नसलेल्या विमानतळावर, सर्किटमधलं सेसना 152 आणि मागून सरळ फायनलवर सुमारे 180 नॉटने आलेलं दोन इंजिनांचं सेसना 340 धडकलं. तिघं गेले. दोन्ही विमानांचे वैमानिक रेडिओवर बोलत होते. ही घटना वाचल्यापासून आमच्यात लांब फायनल घेणाऱ्याने वेगही सांगायचा असं ठरलंय, आणि सर्किटमध्ये कुणी असेल तर लांबून येणाऱ्याने सरळ यायचंच नाही.

रेडिओवर ‘औशाजवळ आहे’ एवढं पुरत नाही. ‘लातूर ट्रॅफिक, सेसना, औशाच्या उत्तरेला पाच मैल, साडेतीन हजार, डाव्या डाउनविंडसाठी येतोय’ असं जागा, उंची आणि बेत मिळून सांगितलं की ऐकणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं. उदगीरकर हे फार छान बोलतात.

पुढच्या रविवारी नांदेडचे दोघं येताहेत. त्यातल्या एकाचा माइक मुद्दाम बंद ठेवणार आहोत, कोण ते आधी सांगणार नाही. सहा जण झाले की कुणी किती अंतर ठेवायचं, यावर तुमचा अनुभव असेल तर जरूर लिहा.