खुर्चीतून उठून: पाचपाखाडीतल्या आमच्या केंद्राची वाटचाल

ठाण्यात समुपदेशन केंद्र काढणाऱ्याला एक सोय आहे आणि एक गैरसोय. सोय अशी की मनालाही उपचार लागतात हे इथे फारसं पटवावं लागत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था 1990 पासून शहरात आहे आणि नौपाड्यात तर त्यांची व्याख्यानं न ऐकलेलं घर शोधावं लागेल. गैरसोय अशी की मनोरुग्णालयही इथलंच, 1901 सालचं, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा सगळ्या मुंबईला पाठ. त्यामुळे माणूस यायला तयार असतो, पण जिना चढताना मागून कोण बघतंय याकडे त्याचा एक डोळा असतो.

आमचा जिना पाचपाखाडीत आहे. पहिला मजला, दोन खोल्या, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे मी समुपदेशक, पलीकडे माझी भागीदार फिजिओथेरपिस्ट. एकत्र येण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. भाडं आणि डिपॉझिट निम्मं निम्मं व्हावं, एवढाच हिशोब. पण लवकरच दोघींच्याही लक्षात एक गोष्ट येऊ लागली. तिच्याकडे गुडघ्यांसाठी येणाऱ्या बायका ‘रोज अर्धा तास चाला’ हे ऐकून जायच्या आणि पुढच्या खेपेला तशाच परत यायच्या, कारण घराबाहेर पडावंसंच वाटत नव्हतं. माझ्याकडे मन मोकळं करायला आलेली माणसं मान नाहीतर कंबर धरून बसायची. दुपारच्या चहाला आम्ही यावर बोलायचो आणि आपापल्या खोलीत परतायचो.

2020 मध्ये बंद खोलीत समोरासमोर बसणंच थांबलं. व्हिडिओ कॉलवर सत्रं घ्यायचा प्रयत्न केला. पण वन बीएचकेत पाच माणसं. जिच्याविषयी बोलायचं ती सासू दाराच्या पलीकडे भाजी निवडतेय. काही बायका इमारतीच्या गच्चीवर जाऊन बोलायच्या, वाऱ्याने अर्धं ऐकूच यायचं नाही. पुढे निर्बंध सैल झाले, सकाळी बाहेर चालायला परवानगी मिळाली, तेव्हा यातल्याच एकीने विचारलं, “मॅडम, कचराळीलाच भेटू या का?” आमच्या चालत्या सत्रांची कल्पना ही अशी तिची आहे.

कचराळी तलाव महापालिका मुख्यालयासमोर. मास्क लावून, हातभर अंतर राखून आम्ही फेऱ्या मारल्या. त्या बाई खोलीत कधी बोलल्या नव्हत्या इतकं बोलल्या.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हे काही आम्ही लावलेले शोध नव्हेत. संगीतकार गुस्ताव माहलर 1910 मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला भेटायला हॉलंडमधल्या लायडन गावी गेला, तेव्हा त्या दोघांची ‘बैठक’ म्हणजे गावभर काही तास चालत केलेली बातचीत होती. रुग्णाला आडवं करून बोलतं करायचा तो प्रसिद्ध कोच ज्याच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्या फ्रॉइडने! 1970 च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला थॅडिअस कोस्त्रुबाला नावाचे मनोविकारतज्ज्ञ तर रुग्णांना घेऊन चक्क पळायचे. आमच्या भागीदारीणबाईंना हे फार आवडलं. मी पळणार नाही, हे मी तेव्हाच सांगून टाकलं.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निवृत्त गृहस्थ, पत्नी वर्षभरापूर्वी गेलेल्या. मुलगी घेऊन आली. खोलीत काका पंख्याकडे बघत बसायचे आणि प्रत्येक प्रश्नाला “तसं ठीक आहे” म्हणायचे. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, काका, जरा पाय मोकळे करून येऊ. पहिल्या फेरीत ते तलावाच्या कठड्याविषयी, पाण्यातल्या कासवांविषयी बोलले. दुसऱ्या फेरीत, माझ्याकडे न बघता, समोरून येणाऱ्या माणसाला वाट देता देता म्हणाले, “मी टीव्ही लावून बसतो, पण बघत नाही. आवाज असावा म्हणून.” मग काही पावलं गप्प. मग, “कुकर मी अजून दोघांचाच लावतो.”

समोरासमोर बसलं की प्रश्न अंगावर येतो. उत्तर देताना चेहरा सांभाळावा लागतो आणि आपल्याकडच्या साठीपुढच्या पुरुषांना तो सांभाळायची सवय फार जुनी आहे. शेजारून चालताना नजर समोर राहते आणि गप्प बसलं तरी ते गप्प बसणं अवघडत नाही, कारण पाय काहीतरी करत असतात. आईबाबांशी खोलीत तोंड न उघडणारी पोरं स्कूटरवर मागे बसल्यावर कशी घडाघडा बोलतात, तसंच हे.

दुसरं कारण उपचाराच्या आतलं आहे. नैराश्यातला माणूस म्हणतो, ‘बरं वाटलं की बाहेर पडेन.’ आजार त्याला तेवढं बरं वाटूच देत नाही. म्हणून आम्ही क्रम उलटा लावतो: आधी हालचाल, वाटणं मागून येईल. याला बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि ही चांगली तपासून घेतलेली पद्धत आहे. सुरुवात फार छोटी असते. एका ताईंचा पहिला आठवडा म्हणजे चप्पल घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं आणि वॉचमनला “काय दादा” म्हणून परत यायचं, एवढाच होता. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरून कोथिंबीर. घरच्यांना हे हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटलं.

पुराव्याचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी नेहमी सांगते. नैराश्य असलेली, पन्नाशीपुढची 156 माणसं, 16 आठवडे. एका गटाला देखरेखीखाली चालण्या-पळण्याचा व्यायाम, दुसऱ्याला गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. शेवटी तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी निघाली. मात्र गोळ्यांचा गुण लवकर दिसू लागला होता. हे मागचं वाक्य लोक सोडून देतात. ‘चालायला लागले, आता गोळ्या बंद करते’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, मगच पुढची वेळ देते. चालण्याचा फायदा सिद्ध आहे, समुपदेशनाचाही आहे. दोन्ही एकाच वेळी केल्याने बेरीज होते की गुणाकार, हे ठासून सांगण्याइतकं संशोधन अजून झालेलं नाही, म्हणून आमच्या पत्रकावर तसा दावाही नाही.

रस्ता हीच आता आमची खोली, त्यामुळे ती झाडून-पुसून ठेवावी लागते. ठाण्यात कुठेही उभे राहा, ओळखीचं कुणीतरी भेटतंच. संध्याकाळी तलावपाळीवर सत्र घेणं अशक्य: बोटिंग, भेळ, गडकरीला नाटकाला निघालेली मंडळी आणि “अय्या, तू इकडे कुठे?” उपवनला पहाटे चालणाऱ्यांची जत्रा असते, पण साडेनऊनंतर कामाच्या दिवशी निवांत. येऊरला फक्त पायथ्याचा डांबरी रस्ता, तोही उजेड असेतो. आत जंगल आहे, बिबटे आहेत आणि भीतीवर उपचार घ्यायला आलेल्या माणसाला तिथे नेण्यात शहाणपणा नाही. पहिल्या भेटीतच कागदावर ठरतं: कुणी भेटलं तर माझी ओळख काय करून द्यायची, ते तुम्ही ठरवायचं. मी आजवर अनेकांची ‘भिशीतली मैत्रीण’ झाले आहे, एकाची ‘एलआयसीवाली’. केंद्राच्या नावाचे टी-शर्ट छापा, फुकट जाहिरात होईल, असं एका ओळखीच्या प्रिंटरने सुचवलं होतं. मी त्याला चहा पाजला.

वेग त्यांचा, आपला नाही. बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. मध्यम व्यायामाची हीच साधी खूण आहे. धाप लागली की बाकडं. रडू आलं तरी बाकडंच, पण पाण्याकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ. कचराळीचं कुठलं बाकडं तसं आहे आणि कुठल्यावर सकाळी पेपर वाचणारे आजोबा कायमचे असतात, हे मला पाठ आहे. रक्तदाब, हृदय, चक्कर यांची चौकशी माझी भागीदार आधी करते आणि शंका वाटली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागते.

सगळ्यांना चालवत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर बंद खोली आणि मनोविकारतज्ज्ञ हाच मार्ग. रात्री-अपरात्रीसाठी सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलतात. तो क्रमांक आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, बाहेर पडताना दिसावा म्हणून. आणि काहींना खोलीच बरी वाटते. त्यांना “बाहेर या, छान वाटेल” असा आग्रह मी करत नाही.

पैशांचा विषय. खोलीत बसा की चाला, फी सारखीच, वेळही पन्नास मिनिटंच. “मॅडम, कचराळीला फिरायचेच पैसे?” हा प्रश्न ठरलेला. फिरणं फुकटच आहे, खुशाल फिरा, शतपावली करा, मैत्रिणीला घेऊन जा. आठवड्याला दीडशे मिनिटं चाललात तर जागतिक आरोग्य संघटनाही खूश. पैसे ऐकण्याचे आणि त्यामागच्या शिक्षणाचे आहेत. हे ऐकून अर्धे जण हसून वेळ ठरवतात, उरलेले खरोखरच मैत्रिणीला घेऊन जातात. त्यातही माझं काही वाईट होत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने मोठं काम देऊ केलं होतं. कर्मचाऱ्यांसाठी रोजच्या पावलांची स्पर्धा आणि सोबत समुपदेशन. भाड्याची चिंता वर्षभर मिटली असती. पण एचआरला दर महिन्याला कोण आलं, किती वेळा आलं आणि ‘ढोबळमानाने विषय काय’ एवढं हवं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कायदा नसता तरी मी दिलं नसतं. काम गेलं. त्या कंपनीतले काही जण आता सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने येतात.

आणि पाऊस. ठाण्याच्या पावसात दोन छत्र्या घेऊन शेजारी चालून बघा: काड्या एकमेकांत अडकतात, म्हणून अंतर वाढतं, म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि “नवरा बोलत नाही हो” हे वाक्य भर रस्त्यात ओरडून सांगावं लागतं. रेनकोटची टोपी घातली की तेही ऐकू येत नाही. जून ते सप्टेंबर धंदा अर्ध्यावर यायचा. उपाय भागीदारणीला सुचला. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं कामाच्या दिवशी सकाळी रिकामी पडलेली असतात. जवळच्या एका कार्यालयाच्या मालकांनी तासाच्या हिशोबाने, पडत्या दराने हॉल दिला. कडेला खुर्च्यांच्या चळती, वर बंद झुंबर, आणि आम्ही भिंतीकडेने गोल गोल. त्यांच्या मॅनेजरना आम्ही नेमकं काय करतो ते पहिला पूर्ण पावसाळा कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, “मॅडम, आमच्या मेव्हण्याला आणू का?”

सध्या नेरुळचा विचार चालू आहे. ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक सपाट आहे, गाड्या नाहीत, ओळखीचे कमी. भागीदारीण दोनदा जाऊन सावली किती वाजेपर्यंत असते, बाकडी कुठे आहेत, स्वच्छतागृह उघडं असतं का, हे लिहून घेऊन आली आहे. सावली कमी आहे, त्यामुळे सकाळी नऊच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर, असंच वेळापत्रक बसेल. स्टेशनजवळ बसायला एक खोली हवी. दलालाने सांगितलेलं भाडं आवाक्याबाहेरचं आहे. दिवाळीनंतर पुन्हा विचारणार आहोत.