नव्या पॅकचं पहिलं चार्जिंग: ३०० मिलिअँप, १६ तास

शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रिमोटवर चालणाऱ्या बग्गीसाठी दोन बॅटरी पॅक आणले. दोन्ही निकेल मेटल हायड्राइड, सहा सेलचे, ७.२ व्होल्ट, क्षमता ३००० एमएएच (मिलिअँप-तास). गेल्या वर्षीचा पॅक घरी आल्या आल्या ३ अँपवर लावला होता. पंचवीस मिनिटांत चार्जरने 'फुल' दाखवलं आणि मैदानावर गाडी चार मिनिटांत मंदावली. त्या पॅकने पुढे कधीच जीव धरला नाही. मला त्याची अजून हळहळ वाटते, कारण चूक पॅकची नव्हती.

या वेळी आधी पहिल्या पॅकचे सेल तपासले. पॅकवरच्या प्लास्टिकच्या आवरणाला (श्रिंक स्लीव्ह) प्रत्येक जोडावर सुईने बारीक भोक पाडून मल्टिमीटरचे प्रोब टेकवले. हे करताना हात स्थिर हवा, दोन जोड एकमेकांना टेकले की ठिणगी उडते. पाच सेल १.२६ ते १.२८ व्होल्ट, चौथा मात्र १.१९. दुकानात पडून राहिलेले सेल असेच कमीजास्त उतरलेले असतात. असा पॅक फास्ट चार्ज केला की पाच सेल आधी भरतात, चार्जर पीक (पॅक भरला की व्होल्टेज चढून किंचित उतरतं, तो क्षण) पकडून थांबतो आणि चौथा अर्धाच राहतो. मग गाडी पळवताना तोच आधी रिकामा होतो. बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्याची पोलॅरिटी उलटते आणि सेल कायमचा खराब होतो.

उपाय जुनाच आहे: क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, १४ ते १६ तास. एवढ्या कमी करंटला भरलेल्या सेलमध्ये तयार होणारा ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा जिरतो, जास्तीच्या करंटची थोडी उष्णता होते आणि सेलला ती सोसते. तोवर मागे राहिलेला सेल येऊन मिळतो. इतक्या मंद चार्जला ती किंचित उतरण, म्हणजे डेल्टा पीक, नीट सापडत नाही, म्हणून भरवसा घड्याळावरच. माझ्या चार्जरचा सेफ्टी टायमर १२० मिनिटांवर होता, तो ७२० केला. त्याच्या पुढे तो जात नाही. कपॅसिटी लिमिटही (एकूण किती एमएएच भरायचे ती मर्यादा) वाढवली, नाहीतर तो मध्येच थांबला असता.

शनिवारी संध्याकाळी सातला पॅक लादीवर, पंख्याखाली ठेवला. गादीवर किंवा गॅलरीतल्या उन्हात नाही, गरम सेल चार्ज नीट घेत नाही. रात्री दोनदा उठून हात लावून पाहिलं, जेमतेम कोमट. सकाळी सातला बाबांनी हाक मारली, उरलेली २४० मिनिटं लावली. अकराला पुन्हा प्रोब टेकवले: सहाही सेल १.४३ ते १.४५. चौथा १.४४! फार बरं वाटलं.

तासभर थांबून १ अँपने ६ व्होल्टपर्यंत उतरवला, म्हणजे सेलमागे १ व्होल्ट. २६१० एमएएच निघाले. दुसरी फेरीही मंदच, २७९०. तिसरी १.५ अँपवर डेल्टा पीक लावून, २८६०. आता हा पॅक फास्ट चार्जला तयार आहे असं मी धरतो.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरणाऱ्यांनी यातलं काही करू नये. तिथे सेलमागे ४.२ व्होल्टला थांबावंच लागतं, आणि समतोल साधायला बॅलन्स वायर असते. जास्तीचा करंट लायपोला अजिबात सोसत नाही, आग लागू शकते.

दुसरा पॅक आज संध्याकाळी सातला लावलाय. त्यात सगळे सेल १.२७च्या आसपास होते, तरी १६ तास देणार. आकडे उद्या अकरानंतर टाकतो.