आरएनए आणि प्रथिन यांच्यामधला बाण

स्मरणिकेतली माझ्या वाट्याची जागा मी दहावीच्या विज्ञानातल्या एका बाणाला देतो. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन ही फळ्यावरची साखळी बरोबरच होती. जिवाणूंमध्ये तर प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए उतरवणे) चालू असतानाच रायबोझोम (प्रथिन बनवणारे कण) कामाला लागतात. आपल्या पेशींत मात्र केंद्रकात तयार झालेला आरएनए कच्चा असतो आणि त्या दुसऱ्या बाणाच्या आत बरेच काम दडलेले असते. पुढे जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींनी ते आताच समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आरएनएची साखळी जेमतेम २० ते ३० न्यूक्लिओटाइड (म्हणजे अक्षरे) लांब होते, तोच तिच्या सुरुवातीच्या टोकावर ७-मिथाइलग्वानोसिनची टोपी बसते. ती तीन फॉस्फेटांमधून उलट्या दिशेने जोडलेली असते. त्यामुळे टोकापासून आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना पकड मिळत नाही आणि पुढे भाषांतरणाची (आरएनएवरून प्रथिन बनवण्याची) यंत्रणा हीच टोपी ओळखून एम-आरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारा तयार आरएनए) धरते. दुसऱ्या टोकाला एएयूएएए ही खूण दिसली की तिच्यापुढे १० ते ३० अक्षरांवर साखळी कापली जाते आणि सुमारे २०० ॲडेनिनची (ए या अक्षराची) शेपटी लागते. ही शेपटी डीएनएवर लिहिलेलीच नसते. विकर ती साच्याशिवाय जोडते.

खरे कसब आहे ते स्प्लायसिंगचे, म्हणजे कच्च्या आरएनएतले मधले निरुपयोगी तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले कामाचे तुकडे (एक्झॉन) जोडण्याचे. जनुकातला मजकूर सलग नसतो, हे १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ॲडेनोव्हायरसवर स्वतंत्रपणे दाखवले. १९९३ चे नोबेल त्यासाठीच. डिस्ट्रोफिनचे जनुक २२ लाखांहून अधिक अक्षरांचे आणि ७९ एक्झॉनचे आहे. त्याचा तयार एम-आरएनए सुमारे १४ हजार अक्षरांचा, म्हणजे एक टक्काही उरत नाही.

इंट्रॉन बहुधा जीयू या अक्षरांनी सुरू होतो आणि एजीने संपतो. शेवटाच्या १८ ते ४० अक्षरे अलीकडे एक महत्त्वाचे ॲडेनिन असते. कापणी करणारी यंत्रणा छोटे आरएनए आणि प्रथिने यांच्या यू१, यू२ अशा नावांच्या कणांची बनते. यू१ हा कण इंट्रॉनच्या सुरुवातीशी जोडी जमवतो, तर यू२ असा बसतो की ते ॲडेनिन बाहेर फुगून येते. मग यू४, यू५ आणि यू६ एकत्र येतात, आणि यू१ व यू४ बाहेर पडले की यंत्रणा सज्ज होते. ॲडेनिन इंट्रॉनच्या सुरुवातीवर हल्ला करते आणि सरकफासासारखे वेटोळे तयार होते. नंतर मोकळ्या झालेल्या एक्झॉनचे टोक पुढच्या एक्झॉनला जोडले जाते आणि वेटोळे सुटून नष्ट होते. या दोन्ही अभिक्रियांत बंध मोडतात तितकेच जुळतात, म्हणून त्यांना स्वतःला एटीपी लागत नाही. एटीपी खर्च होतो तो कणांची मांडणी बदलण्यात आणि तपासणीत. कापणीचे रसायन घडवतो तोही आरएनएच, यू६, दोन मॅग्नेशियम आयनांच्या मदतीने.

एका अक्षराने काय बिघडते ते बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाच्या) जनुकात पाहावे. पहिल्या इंट्रॉनमधल्या ११० व्या जागी जी ऐवजी ए आले की तिथे नवा एजी तयार होतो. यंत्रणा बहुतेक वेळा तिथेच कापते आणि इंट्रॉनची १९ अक्षरे आत राहतात. १९ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे पुढचे सगळे कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीचे तीन अक्षरांचे गट) सरकतात, अकाली थांबा येतो आणि पेशी तो एम-आरएनए बहुतांशी नष्ट करते. काही थोडे रेणू बरोबर कापले जातात, म्हणून थोडे ग्लोबिन बनते. हा बीटा-थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजारच.

असे दोष प्रयोगशाळेत शोधताना आरएनए हाताळावा लागतो आणि तिथे आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारे विकर, फार छळते. ऑटोक्लेव्हनेही (दाबाखालच्या वाफेनेही) ते भरवशाने मरत नाही. पाण्यात ०.१ टक्का डीईपीसी (आरएनेज निकामी करणारे रसायन) घालून रात्रभर ठेवावे, मग ऑटोक्लेव्ह करावे. ट्रिस या बफरच्या द्रावणात डीईपीसी घालू नये, दोघांची अभिक्रिया होते. शुद्धता दाखवणारे २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण) २ आले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तुकडे झालेला आरएनएही तेच गुणोत्तर देतो. आरएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर रायबोझोमच्या आरएनएचा २८एस पट्टा १८एसच्या साधारण दुप्पट ठळक दिसला पाहिजे. आरटी-पीसीआरचे (आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवण्याच्या पद्धतीचे) प्रायमर, म्हणजे सुरुवातीचे छोटे तुकडे, दोन वेगळ्या एक्झॉनमध्ये ठेवावेत, म्हणजे डीएनएची भेसळ, तिच्यात इंट्रॉनही असल्याने, मोठ्या पट्ट्यातून ओळखू येते.

अमिनो आम्ल न बदलणारा फेरबदल निरुपद्रवी, हा समज तर सोडूनच द्यावा. एसएमएन२ जनुकाच्या सातव्या एक्झॉनमध्ये सहाव्या जागी सी ऐवजी टी आहे. अमिनो आम्ल तेच राहते, तरी बहुतेक आरएनए प्रतींतून तो अख्खा एक्झॉन गळतो. ज्या बाळांचे एसएमएन१ हे त्याचे जोडीचे जनुक निकामी असते, त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींना एसएमएन२ एकटे पुरत नाही. हा स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी हा आजार. त्यावरचे औषध नुसिनर्सेन हा १८ अक्षरांचा कृत्रिम तुकडा पुढच्या इंट्रॉनमधली एक्झॉन गाळायला लावणारी जागा झाकतो, आणि एक्झॉन आत राहतो. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. मंजुरीच्या वेळची मात्रा होती कण्यातल्या द्रवात १२ मिलिग्रॅम, पहिल्या दोनेक महिन्यांत चार वेळा आणि नंतर दर चार महिन्यांनी. औषध जनुकाला हात लावत नाही, फक्त त्याच्या प्रती दुरुस्त करवते, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते.