माळवदावरचा बांबू

या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा बॅगेत चॉकलेटांपेक्षा सेन्सरच जास्त होते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून विहिरीत पाणी किती हे आप्पा दिवसातून दोनदा जाऊन बघतात. गुडघे आता ऐकत नाहीत.

म्युनिकच्या फ्लॅटमध्ये आमचं सगळं झिगबीवर, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या जवळच्या पल्ल्याच्या वायरलेस जाळ्यावर आहे. तिथं प्रत्येक खोलीतला प्लग शेजाऱ्याचा सिग्नल पुढे सरकवतो. गावी लाईन गेली की हे मधले सगळे मुके; सेलवरचे सेन्सर दुसऱ्याचा निरोप पोचवत नाहीत. म्हणून लोरा घेतलं, कमी विजेत लांबवर निरोप पोचवणारं रेडिओ तंत्र. डलासचा मावसभाऊ अमेरिकेतली ९१५ मेगाहर्ट्झवाली मॉड्यूल पाठवत होता, त्याला थांबवलं. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळं आहे, आणि युरोपातली मॉड्यूल तिथं लावता येतात.

गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करून इंटरनेटवर टाकणारं यंत्र, आधी राउटरशेजारी, देवघराच्या कोनाड्यात ठेवला. घर माळवदाचं, दगडमातीच्या भिंती दोन हात रुंद. अंगणापलीकडचा गोठाही लागेना.

"बाहीर काढ की त्याला. कोंडून कशाला ठिवलंस?" आप्पा.

माळवदावर बांबू रोवला. अँटेनाची वायर लांबवली की सिग्नल वायरीतच मुरतो, म्हणून गेटवेच डब्यात घालून वर बांधला आणि इन्व्हर्टरवर घेतला. दीड किलोमीटरवरचा शेतातला आखाडा लगेच लागला.

विहिरीनं मात्र चार दिवस खाल्ले. कठड्यावरचा अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर कपारींवर आपटून भलतीच खोली सांगायचा. शेवटी दाबाचा सेन्सर तळाला सोडला. १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ बार. ट्रान्समीटर काठावरच्या खांबाला. आत ठेवला असता तर सिग्नल नुसता आभाळाकडे गेला असता.

डब्यांवरचे सोळा अक्षरी आयडी पाहून आईनं कपाळाला हात लावला आणि माझ्या नेलपेंटनं लिहिलं: मोठी विहीर, हौद, गोठा. ॲपमध्येही आता तीच नावं आहेत.

तिकडे रात्री बाराला थ्री-फेज येते, तेव्हा इथं म्युनिकला साडेआठ, आमची जेवणाची वेळ. परवा हौदाची पातळी हलेना. घाबरून फोन लावला.

"आप्पा, मोटार जळाली का?"

"चालूय की. पाणी उसाला लावलंय. हौद उद्या. तू जेव."