तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या पिकअपला घाटात जोर कसा आणायचा

"गाडी फोंडा घाटात ओढंना झालीय, इंजिनात काय टाकून मिळंल का?" आंब्याच्या सीझनला हा प्रश्न मला सारखा येतो. देवगडकडनं पेट्या भरून पिकअप वर येतात, फोंडा चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूर, आणि एखाद्या वळणावर स्पीड तुटला की सेकंडला गाडी हलतच नाही, फर्स्ट टाकावा लागतो आणि मागं एसटी हॉर्न मारत उभी. विचारणारे बहुतेक जुन्या बोलेरो पिकअपवाले असतात म्हणून त्याच गाडीवर सांगतो, पण टाटा 207 वाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिलं म्हणजे हॉर्सपॉवरच्या मागं लागू नका. त्या 2523 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 88.9 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 101.6, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन, मुळातच कमी आरपीएमला ओढणारं. कॉमनरेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या, 63 एचपी मॉडेलचे कंपनीचे आकडे बघा, 63 एचपी येते 3200 आरपीएमला, पण 195 न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो 1400 ते 2200 च्या मध्ये, आणि 3200 ला हिशोब केलात तर टॉर्क 140 च्या आतबाहेरच उरतो. भरलेली गाडी घाटात 1500-1800 ला चालते, तेव्हा पैसे घालायचे ते तिथला जोर वाढवायला, वरच्या एचपीचा तिथं काही उपयोग नाही.

आणि जुन्या गाडीत हा जोर बऱ्याचदा नुसता गळत असतो. सगळ्यात आधी टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारी चक्की) इंटरकूलरपर्यंतचा (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथनं इंजिनकडं जाणारा होज बघा. क्लॅम्पच्या कडेला ऑइलचा ओलसर काळा पट्टा दिसला की तिथं हवा सुटते. आयडलला काही दिसत नाही, होज हातानं पिळलात की बारीक चीर ओठासारखी उघडते, लोडवर प्रेशर आलं की तीच चीर सूं करून हवा बाहेर टाकते, आणि हवा कमी पडली की डिझेल नीट न जळता काळा धूर होतो. त्यातनं लोकांना वाटतं डिझेलचा पंप गेला! काही शे रुपयांचा होज असतो हो. मग एअर फिल्टर, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये बसलेली काजळी, घासून स्लिप मारणारी क्लच प्लेट, जाम होऊन घासत राहणारा मागचा ब्रेक, हे एका दिवसात बघून होतं. इंजिन गरम आणि चालू असताना ऑइलचं झाकण काढा, भकाभका बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेनं सुटलेला वायू, येत असेल तर रिंगा-लायनरचं काम आधी, बाकी अपग्रेडचं बोलणं नंतर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरचं काम चांगलं होतं, तिथं घाई करू नका.

एवढं करून गाडी ठणठणीत झाली आणि तरी कमी वाटतंय, तर माझं मत स्पष्ट आहे, इंजिनाला हात न लावता मागं क्राउन-पिनियनकडं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीकडं बघा. समजा तिचा रेशो 4.27 आहे आणि तुम्ही 4.88 बसवलात, तर प्रत्येक गिअरला चाकावर साधारण 14 टक्के जोर वाढतो, तोही रोज, एकाही जादा डिझेलच्या थेंबाचा धूर न काढता. बदल्यात हायवेला त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या लाइनवर गाडी असेल तर विचार करून. आणि टायर! दिसायला भारी म्हणून 215/75 आर 15 च्या जागी 235/75 चढवतात, तिथं चाकाची उंची 4 टक्क्यांच्या वर वाढते आणि तेवढाच ओढायचा जोर जातो, आधी तो टायर उतरवा.

"पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढव" असं सांगणारे खूप भेटतात, त्यावर मी दरवेळी वाद घालतो. कमी आरपीएमला टर्बो अजून भरलेला नसतो, हवा तेवढीच, मग वाढवलेलं डिझेल धूर आणि उष्णता होऊन जातं, लांबच्या चढाला हेड आणि पिस्टन तापतात, क्रॅक गेलेलं हेड हातात आलं की मालकाचा चेहरा बघवत नाही. पंप आणि नोझल टेस्टिंगला टाकून कंपनीच्या सेटिंगला आणा, टायमिंग (डिझेल कधी सुटतं ती वेळ) बरोबर करून घ्या, तेवढ्यानं फरक पडतो. मोठ्या गाडीचा टर्बो बसवायचाही आग्रह असतो, पण मोठी चक्की उशिरा फिरते, खालचा जोर आणखी मरतो, उलट योग्य मापाचा लहान टर्बो खाली लवकर भरतो. अमेरिकेतल्या 5.7 लिटर व्ही-8 पेट्रोल पिकअपचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचे व्हिडिओ मला पाठवतात, छान असतात, मीही बघतो, पण ती इंजिनं वेगळी, आपल्या टर्बो डिझेलला पहिली गरज हवेची.

इंजिनच बदलून दुसरं टाकायचं असेल तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं परवानगीशिवाय असले बदल चालत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना क्लेम अडवायला कारण मिळतं.

तर विचारताना एवढं लिहा, मेकॅनिकल पंप की कॉमनरेल, मागच्या टायरवरचा साइज, धूर काळा-पांढरा-निळा कसला, ऑइल किती खाते, आणि गाडीत खरं वजन किती टाकता. आरसीवर लिहिलेलं नको, काट्यावरचं सांगा.