'हिस्टरी' नावाच्या फाइलीत अडकलेले माझे अकराशे पत्ते

थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरवर मेल बघणाऱ्यांनी आधी एवढं ऐकून घ्या: जुन्या हार्ड डिस्कमध्ये 'हिस्टरी' नावाची एक फाइल सापडली, तर ती कुणी काहीही सांगितलं तरी पुसू नका. माझ्या ती डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. त्यात चार दिवस गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात मी आणि एक अकाउंटंट पोरगी, दोघंच. मेल माझ्याकडे. सूतवाले, डाइंगवाले, ट्रान्सपोर्ट, मुंबईचा सीएचए (म्हणजे कस्टमची कागदपत्रं करणारा एजंट), बाहेरचे बायर, त्यांचे एजंट. यातला एकही पत्ता मला पाठ नाही, आणि असायचं कारणही नव्हतं. 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं मारली की खाली यादी उघडते, खालचा बाण दाबला, एंटर मारला, झालं. कुणासाठी कुठली दोन अक्षरं हे डोक्याला नाही, बोटांना माहीत होतं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. लाइट गेली, आली, परत गेली आणि जुना कॉम्प्युटर बसला तो बसलाच. यूपीएसची बॅटरी बदला म्हणून मी दोन वर्षं सांगत होतो, पण ते जाऊ द्या. नवीन मशीन आलं, टॅली चढली, प्रिंटर लागला. नवी पेठेतल्या ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथल्या पोरानं थंडरबर्ड टाकून मेलचा पासवर्ड दिला, आणि तासाभरात सगळे जुने मेल खाली उतरले. मी खूश. पोरगा गेल्यावर पहिला मेल लिहायला घेतला, दोन अक्षरं मारली.

काही नाही. यादीच उघडेना.

दुकानात फोन लावला. "काका, मेल आले ना सगळे? मग पत्ते कुठं जातेत? सर्व्हरवर असतेत की. एक-दोन दिवसांत येतील हळूहळू." मी विश्वास ठेवला. हे वाक्य साफ चुकीचं आहे, हे मला आता कळतंय. आयमॅप नावाच्या पद्धतीत मेल सर्व्हरवरच असतात, म्हणून ते नव्या मशीनवर आपोआप उतरतात. पण आपण ज्याला ज्याला मेल धाडतो त्याचा पत्ता थंडरबर्ड आपल्याच डिस्कवर एका वेगळ्या वहीत टिपून ठेवतो. तिचं नाव 'कलेक्टेड अॅड्रेसेस'. दोन अक्षरांवर जी यादी उघडते ती या वहीतून आणि आपण स्वतः भरलेल्या 'पर्सनल अॅड्रेस बुक'मधून. ही वही सर्व्हरला माहीतच नसते. दोन दिवस काय, दोन वर्षं थांबलो असतो तरी काही आलं नसतं.

मधल्या काळात मी सेटिंग्ज उपसल्या. सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन', त्यात खाली 'अॅड्रेसिंग', तिथं 'लोकल अॅड्रेस बुक्स'समोर टिक पाहिजे. होती. शेजारचं 'डिरेक्टरी सर्व्हर' मोठ्या कंपन्यांसाठी असतं, त्याला हात लावू नका. तिथंच आणखी एक टिक आहे, पाठवलेले पत्ते आपोआप टिपायचे की नाही याची. तीही होती. म्हणजे सगळं बरोबर, फक्त वही कोरी.

वही कोरी म्हणून हातानं टाइप करत बसलो. इथं खरा घोळ झाला. सीएचएचा पत्ता लांबलचक, डोमेनमध्ये 'लॉजिस्टिक्स' हा शब्द, त्यातला एक 'आय' घाईत खाल्ला आणि पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस लावून मेल सोडला. मेल पोचला नाही असं सांगणारा 'मेलर डीमन'चा मेल जंकमध्ये जाऊन पडला. संध्याकाळी सहाला सीएचएचा फोन: "साहेब, शिपिंग बिल भरायचंय, पॅकिंग लिस्ट कुठंय?" मालक शेजारीच उभे. कंटेनर न्हावा शेव्याला निघायच्या तयारीत. दुसऱ्यांदा पाठवताना दोन अक्षरं मारली आणि काय आश्चर्य, यादी उघडली! आनंदानं एंटर मारला. तो तोच खाल्लेल्या 'आय'चा पत्ता होता.

सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळतं, आपण पाठवलं म्हणजे बरोबरच असणार असं धरून त्यानं चुकीचा पत्ता इमानदारीत टिपून ठेवला होता. तो नुसता बॅकस्पेस मारून जात नाही. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून अॅड्रेस बुक उघडायचं, 'कलेक्टेड अॅड्रेसेस'मध्ये जाऊन तो पत्ता शोधायचा आणि तिथून डिलीट करायचा. मालक म्हणाले, "अहो, एक पत्ता टाइप करायला इतका वेळ?" मी काही बोललो नाही.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास मी परत "काहीच उघडत नाही" म्हणून डोकं धरून बसलो होतो, तेव्हा कीबोर्ड मराठीवर होता. आदल्या रात्री माथाडीचं पत्र टाइप केलं होतं. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर आणल्याशिवाय पत्ते कुठून जुळणार? आमच्या पोरीनं दाखवलं. तिला हसू आलं, मला नाही.

तिसऱ्या दिवशी जुनी हार्ड डिस्क मागायला मी स्वतः दुकानात गेलो. "उद्या या, काका." मी तिथंच स्टुलावर बसलो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. तासाभरानं रद्दी कीबोर्डांच्या खोक्यातून डिस्क निघाली. फॉरमॅट केली नव्हती, सिद्धेश्वराची कृपा. केसिंग विकत घेतलं, यूएसबीला जोडली.

आता फाइल शोधायची. जुन्या डिस्कवर 'यूझर्स', त्यात आपल्या नावाचं फोल्डर, त्यात 'अॅपडेटा', मग 'रोमिंग', 'थंडरबर्ड', 'प्रोफाइल्स'. पण 'अॅपडेटा' दिसणारच नाही, कारण विंडोज ते लपवून ठेवतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करावं लागतं. त्याआधी आपल्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की "तुम्हाला परवानगी नाही" म्हणतं. घाबरू नका, 'कंटिन्यू' दाबा आणि हिरवी पट्टी सरकेपर्यंत चहा घेऊन या. माझे दोन चहा झाले.

आत 'डॉट मॅब' शेपटाच्या दोन फाइली. एक 'एबुक', एक 'हिस्टरी'. आता तुम्हीच सांगा, पत्ते कशात असतील? मी 'एबुक' उचलली. नव्या थंडरबर्डमध्ये 'टूल्स'मधल्या 'इम्पोर्ट'मधून आत घेतली. नऊ पत्ते आले. नऊ! त्यातले दोन माझेच. एक आमच्या जुन्या मालकांचा, ते जाऊन सहा वर्षं झाली. मला वाटलं, संपलं, डिस्क खराब झाली. 'हिस्टरी' म्हणजे ब्राउझरमध्ये आपण काय काय बघितलं त्याची यादी असते तसलं काहीतरी असेल, असं धरून मी ती फाइल उघडायचा विचारही केला नाही. दुकानातल्या पोरानंही फोनवर तेच सांगितलं: "हिस्टरी डिलीट मारा काका, जागा होईल." त्या संध्याकाळी मी जुन्या मेलमधून एकेक पत्ता कॉपी करून वहीत चढवत बसलो. साठेक झाले असतील. पाठ धरली.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना दोन्ही फाइलींची साइझ बघितली. 'एबुक' किरकोळ. 'हिस्टरी' तिच्या कितीतरी पट. नुसत्या नोंदींची फाइल इतकी फुगेल कशी? वैतागून नोटपॅडमध्ये उघडली. कंस, आकडे, कचरा, आणि कचऱ्यातून डोकावणारा तो सीएचएचा पत्ता. पूर्ण. 'आय'सकट.

तर 'हिस्टरी डॉट मॅब' म्हणजेच कलेक्टेड अॅड्रेसेस. नाव असं का दिलं ते देणाऱ्यालाच विचारा. आमच्या जुन्या मशीनवर ५२ नंबरची आवृत्ती होती, तेव्हाच्या पत्त्यांच्या फाइली मॅब प्रकारच्या असायच्या. २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून त्या एसक्यूलाइट प्रकारच्या झाल्या, म्हणून नव्या मशीनवर 'हिस्टरी डॉट एसक्यूलाइट' दिसते. नाव मात्र तेच ठेवलंय. नव्या फोल्डरात ही जुनी फाइल नुसती नेऊन टाकली तर काही होत नाही, तेही मी करून बघितलंय. 'इम्पोर्ट'मध्ये 'अॅड्रेस बुक' निवडायचं, प्रकारांच्या यादीत मॅब निवडायचा आणि मग फाइल दाखवायची. अकराशेच्या वर पत्ते आले. रकान्यात दोन अक्षरं मारली, यादी उघडली, आणि मी खुर्चीतून "आलं!" म्हणून ओरडलो. आतून लूमचा आवाज चालू होता म्हणून बरं.

अर्थात अकराशे पत्ते म्हणजे अकराशे जिवंत माणसं नव्हेत. यादीत वर कोण येतं हे कुणाला किती वेळा मेल गेलाय त्यावर ठरतं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला एका बायरचा मर्चंडायझर अजून पहिल्या नंबरवर येतो. पहिल्याच आठवड्यात त्याला नव्या रेटची यादी जाता जाता राहिली. असे पत्ते दिसतील तसे काढतोय. सगळे एकदम काढायच्या फंदात पडू नका, हात चुकतो.

आणि हे आधी करायला पाहिजे होतं ते आता करतो: अॅड्रेस बुकमध्ये वहीच्या नावावर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट', सीएसव्ही प्रकारात. एक्सेलमध्ये उघडते, पेन ड्राइव्हवर मावते. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी करतो, म्हणजे विसरत नाही. प्रोफाइलच्या फाइली हातानं उचलायच्या असतील तर थंडरबर्ड आधी बंद करा.

दुकानाचं बिल आलं, त्यात 'डेटा ट्रान्सफर' म्हणून वेगळी रक्कम लावलेली. मी त्या ओळीवर लाल पेनानं रेघ मारून मालकांकडे दिलं. जुनी डिस्क सेकंडच्या, म्हणजे डागी मालातल्या, एका नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. वर मार्करनं लिहिलंय: पत्ते आहेत, हिस्टरी नाही.