नरक्याच्या पानांवरचं माझं एम.एस्सी. प्रोजेक्ट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी बाईंनी मला प्रोजेक्टसाठी नरक्या हे सह्याद्रीतलं झाड दिलं. मला खरं तर ऑर्किडवर काम करायचं होतं. नरक्याच्या फुलांना असा काही वास येतो की झाडाजवळ बसून डबा उघडायची इच्छा होत नाही.

पण याच्या सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असतं. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते जागीच अडकवतं, डीएनए तुटतो आणि वाढणारी पेशी मरते. यावरूनच टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं आली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. मूळ द्रव्य १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! शाळेत कुणी सांगितलं नाही बुवा.

पुढे तेच द्रव्य नरक्यात सापडलं आणि सह्याद्रीत त्याची चोरटी तोड सुरू झाली. म्हणून माझा प्रश्न साधा होता: झाड न मारता नुसत्या पानांतून किती मिळतं?

आधी वनखात्याची परवानगी, मग हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) करून झाडाची ओळख पक्की करणं. हे सरळ पार पडलं. खरी परीक्षा वाळवण्याची. भर पावसाळ्यात पानं सावलीत वाळतात कुठली? रोज वर्तमानपत्रं बदलूनही कडेला बुरशी धरली. ती पानं टाकली, नवीन आणली आणि ओव्हनमध्ये ४० अंशांवर ठेवली. मग मिक्सरमधून भुकटी, मिथेनॉलमध्ये भिजवणं, गाळणं.

अर्काचा थेंब टीएलसी प्लेटवर, म्हणजे त्यातले घटक वेगवेगळे करणाऱ्या पट्टीवर, चढवला. साध्या उजेडात क्लोरोफिलचे हिरवे पट्टे तेवढे दिसत होते. अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिवा लावला, तर शेजारी लावलेल्या शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या रेषेत निळा ठिपका चमकत होता! त्या आठवड्यात मी भेटेल त्याला फोटो दाखवत सुटले होते.

द्रव्य नेमकं किती आहे ते मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासाठी मात्र पीएच.डी.वाल्यांच्या मागे ताटकळावं लागलं. सालीच्या मानाने पानांतलं प्रमाण कमीच निघालं, आणि तसं अपेक्षितही होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच धरलं: "मग पानं टनावारी लागतील, ती आणणार कुठून?" लागवडीतून, असं मी म्हणाले; पण किती झाडं, किती जमीन, हा हिशोब माझ्याकडे नव्हता. तो आता माझी ज्युनिअर करतेय. तिला बाईंनी रोपवाटिकेतली झाडं दिलीत.